खेळाडू, क्लब आणि क्लबाचा नोकर



मंडईत बोलायला उभे राहिले की माझा आवाज आपोआप चढतो. इथे हळू बोलून कोणत्याच मालाचा भाव ठरत नाही. मी शाळेत सातवीपर्यंत गेलो. पुढचे शिक्षण या मंडईच्या गाळ्यांवर आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात झाले. तेव्हा पंडितांसारखी मांडणी मला साधेल असे नाही. पण आम्हां संघटनेच्या माणसांपुढे वारंवार येणारा एक प्रश्न तुमच्यापुढे उलगडून ठेवावा, एवढीच इच्छा आहे.

प्रश्न असा. क्लबात खेळपट्टी राखणारा माळी असतो, दारावर रखवालदार असतो, चहा देणारा पोऱ्या असतो, कपड्यांच्या खोलीची झाडलोट करणारी बाई असते. एखादा खेळाडू यांच्यापैकी कोणाला शिवी देतो, अंगावर धावून जातो, हात उगारतो. अशा वेळी क्लब काय करतो, आणि त्याने काय करावयास हवे?

काही वर्षांपूर्वी एक माळी माझ्याकडे आला. क्लबाचे नाव सांगत नाही. रात्री पाऊस झाला होता, पट्टी ओली होती, म्हणून त्याने सकाळी ताडपत्री काढू दिली नाही. सरावाला आलेल्या एका नामांकित खेळाडूने चार माणसांदेखत त्याच्या थोबाडीत मारली. चिटणीस म्हणाले, "पोरगा गरम डोक्याचा आहे, उद्या सामना आहे, तू मोठ्या मनाने सोडून दे." माळ्याने सोडून दिले. आठवड्याने त्याची रात्रपाळीवर बदली झाली. कारण विचारले तर, 'वाद नकोत म्हणून'! मारले एकाने आणि बदली दुसऱ्याची. तो मला म्हणाला, "दादा, मला पैसं नकोत, त्याला काढायलाबी सांगत न्हाई. पट्टी ओली होती आन् मी खरं बोललो, एवढं त्यांच्या वहीत लिवू द्या." ते लिहून घ्यायला आम्हांला तीन महिने लागले.

हे आजचेच आहे असे समजू नका. पुण्याच्या मैदानांना याचा जुना इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाळू पालवणकर नावाचा चर्मकार समाजातला तरुण महिना चार रुपयांवर पूना क्लबाचे मैदान राखीत होता. साहेब मंडळींना सरावासाठी तो तासन् तास गोलंदाजी करी. कॅप्टन ग्रेग यांच्यासारखे नामवंत फलंदाज त्याच्या चेंडूवर हात बसवीत. पण बॅट त्याच्या हाती कोणी दिली नाही. पुढे हिंदूंच्या क्लबाला त्याच्या गोलंदाजीची गरज पडली, म्हणून त्यांनी त्याला संघात घेतले. मात्र चहाच्या वेळी त्याला बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. हाच बाळू १९११ साली महाराजा पतियाळांच्या संघातून इंग्लंडला गेला आणि त्याने शंभरावर बळी घेतले. साहेबांच्या क्लबात तो नोकर होता, आपल्या क्लबात तो सोबती होता, आणि दोन्हीकडे त्याला उंबऱ्याबाहेरच ठेवले. तेव्हा दोष एकट्या गरम डोक्याच्या पोराचा नसतो. क्लबाने कोणाला माणूस म्हणून मोजायचे हे आधीच ठरविलेले असते, आणि खेळाडू तेच पाहून शिकतो.

क्लब कच का खातो, हे समजून घेतले पाहिजे. खेळाडू चषक आणतो, तिकिटे खपवितो, वर्तमानपत्रांत नाव आणतो. कार्यकारी मंडळ सभासद निवडतात, आणि खेळाडू पुष्कळदा सभासदाचाच मुलगा किंवा पुतण्या असतो. नोकराला मत नाही. शिवाय हल्ली तो ठेकेदाराच्या हजेरीपटावर असतो, मग क्लब म्हणतो, "हा आमचा माणूसच नव्हे." आमच्या हमालांना हे वाक्य पाठ आहे. व्यापारी म्हणे टोळीचा माणूस, टोळीवाला म्हणे व्यापाऱ्याचा. १९५५ साली बाबा आढावांनी पुण्यात हमाल पंचायत उभी केली, आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला, तेव्हा कोठे मंडळाच्या नोंदवहीत मालकाचेही नाव आले आणि हमालाचेही. मालक कोण, या प्रश्नाला उत्तर मिळाल्याशिवाय तक्रार ऐकणारा कोणी सापडत नाही.

क्लब हा मालक आहे का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. १९६७ साली मद्रास जिमखान्याच्या खटल्यात, आणि त्यापाठोपाठ मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या खटल्यात, असे ठरले की सभासदांनी स्वतःसाठी चालविलेला क्लब हा 'उद्योग' नव्हे; म्हणजे तेथल्या आचाऱ्याला व माळ्याला औद्योगिक कायद्याचे दार बंद. १९७८ साली बंगलोर पाणीपुरवठ्याच्या खटल्यात सात न्यायमूर्तींच्या पीठाने ते दार उघडले. न्या. कृष्ण अय्यर यांच्या त्या निकालाने आधीचे दोन्ही निर्णय रद्द ठरविले. तरी अडचण उरतेच. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत स्थायी आदेशांची सक्ती तीनशे किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना आहे. एका क्लबात इतकी माणसे कोठली? म्हणून शिस्तीचा लेखी नियम क्लबाने आपण होऊन केला तरच होतो.

आता खेळाच्या नियमांकडे वळू. पंचाला नियमाचे संरक्षण आहे. क्रिकेटच्या कायद्यात २०१७ साली बेचाळिसावे कलम नव्याने आले. त्यानुसार पंचाला धमकावणाऱ्या, किंवा खेळाडूवर अगर 'अन्य कोणाही व्यक्तीवर' हात टाकणाऱ्या खेळाडूला पंच उरलेल्या सामन्यासाठी मैदानाबाहेर काढू शकतात. त्या 'अन्य कोणाही'मध्ये माळीही आला. पण सामना चालू असेपर्यंतच. कुस्तीतले उदाहरण ताजे आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या वेळी निकालावरून वाद होऊन पंचाला लाथ मारली गेली, आणि शिवराज राक्षे व महेंद्र गायकवाड या दोघां मल्लांवर कुस्तीगीर परिषदेने तीन वर्षांची बंदी घातली. पाठ टेकली नव्हती, असे राक्षे यांचे म्हणणे होते. ते खरे असो वा खोटे. निकाल चुकला असेल तर तो प्रश्न वेगळा आणि लाथ वेगळी. दोन्हींची चौकशी व्हावी, पण एकीने दुसरी फिटत नाही.

परदेशांतही चित्र फार निराळे नाही. जानेवारी २०१३ मध्ये वेल्समध्ये स्वान्सीच्या मैदानावर एडन हॅझार्ड या चेल्सीच्या खेळाडूने चेंडू देणाऱ्या मुलाच्या अंगाखालचा चेंडू लाथेने काढला. त्या मुलालाही लाथ लागली. शिक्षा झाली तीन सामन्यांची. फुटबॉल संघटनेने अधिक मागितली, ती मिळाली नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सिॲटल येथे लीग्ज चषकाच्या अंतिम सामन्यानंतर लुईस सुआरेझ प्रतिपक्षाच्या एका कर्मचाऱ्यावर थुंकला. त्या स्पर्धेने सहा सामन्यांची बंदी घातली. पण ती स्पर्धा वर्षातून एकदाच येते. म्हणून नेहमीच्या साखळी स्पर्धेनेही आणखी तीन सामने बंद केले, तेव्हा शिक्षा अंगाला लागली. शिक्षा कागदावर किती मोठी यापेक्षा ती केव्हा आणि कोठे भोगावी लागते, हे पाहावे.

आपल्याकडे २०१२ साली वानखेडे स्टेडियमवर रखवालदार व पदाधिकारी यांच्याशी झालेल्या वादावरून मुंबई क्रिकेट असोसिएशनने कोलकाता संघाचे एक मालक शाहरुख खान यांना पाच वर्षे प्रवेशबंदी केली. रखवालदारांनीच मुलांशी धसमुसळेपणा केला, असे त्यांचे म्हणणे होते. २०१५ साली बंदी उठली. कोण बरोबर होते हे मी ठरवीत नाही. मला एवढेच दिसते की माणूस परक्या संघाचा असला की संस्था दोन दिवसांत निर्णय करू शकते. आपल्याच कप्तानाच्या बाबतीत ती तितकी चपळ राहते का, ही खरी परीक्षा.

स्त्री कर्मचाऱ्यांसाठी मात्र एक भक्कम कायदा आहे आणि तो पुष्कळ क्लबांना ठाऊक नाही. २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यात 'कामाचे ठिकाण' म्हणून क्रीडासंस्था, स्टेडियम, सामन्याची जागा यांचा स्पष्ट उल्लेख आहे. दहा माणसे कामाला असतील तर अंतर्गत समिती हवी. कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. तक्रार तीन महिन्यांत करावी, सबळ कारण असल्यास आणखी तीन महिन्यांची सवलत मिळते. बाई ठेकेदाराची असो वा रोजंदारीवरची, आणि छळणारा पगारी नोकर नसून खेळाडू असो; तिचे संरक्षण करणे हे क्लबाचे कर्तव्य आहे.

मग क्लबाने करावे काय? आम्ही सांगतो ते साधेच आहे. तक्रार लेखी घ्यावी आणि तिची पोच द्यावी. चौकशी होईपर्यंत दोघांना दूर ठेवायचे असेल तर सरावाची वेळ खेळाडूची बदलावी, पाळी नोकराची नव्हे. चौकशी करणाऱ्यांत निवड समितीचा माणूस नसावा आणि नोकरांच्या वतीने एक जण असावा. निर्णय दोघांना लेखी कळवावा. आणि माफी मागायची तर ज्यांच्यादेखत अपमान झाला त्यांच्यादेखत मागावी. बंद खोलीतली माफी ही चिटणिसाच्या सोयीची असते.

एक गोष्ट आमच्याच लोकांना रुचत नाही, तीही सांगतो. खेळाडूचेही म्हणणे ऐकलेच पाहिजे. आरोपपत्र, उत्तराची संधी, गुन्ह्याच्या मानाने शिक्षा, हे हक्क आम्ही गिरणीच्या दारात भांडून मिळविले. ते आता दुसऱ्याला नाकारू लागलो तर आमच्या भांडणाला अर्थ राहत नाही. वीस वर्षांच्या पोराचा खेळ एका शिवीसाठी कायमचा बंद करावा, असे मी म्हणणार नाही. त्याला आठवडाभर त्याच माळ्याबरोबर पहाटे रोलर ओढायला लावावे, असे मात्र जरूर म्हणेन. दोघांची कबुली असेल तर.

तुमच्यापैकी बरेच जण कोणत्या ना कोणत्या क्लबाचे, तालमीचे, मंडळाचे सभासद आहेत. येत्या वार्षिक सभेत हिशेब मंजूर करण्यापूर्वी एकच विचारा: आपल्या नोकराने खेळाडूविरुद्ध तक्रार करायची तर ती कोणाकडे, आणि तिची वही कोठे आहे? वही नसेल तर त्याच सभेत घालायला लावा. तिला पाच-पन्नास रुपयांपेक्षा अधिक खर्च येत नाही.