लाँग म्हणजे नेमकं किती?

आज कागदावरच्या इंग्रजीबद्दल बोलायचं आहे. सगळ्या इंग्रजीबद्दल नाही, फक्त मुदत सांगणाऱ्या शब्दांबद्दल. कर्जाचा कागद, विम्याचा फॉर्म, बियाण्याची पिशवी, पोस्टाचं पासबुक, सगळीकडे लाँग, टर्म, इयर, ओल्ड, लाइफ हे शब्द येतात. सही आपली असते आणि मुदत त्या शब्दांत दडलेली असते.

मुदत एका शब्दात बांधायची रीत आपल्याकडेही जुनीच आहे. पाडव्याला ठेवला आणि पुढच्या पाडव्याला मोकळा झाला तो सालगडी. वर्षभर पाणी देणारी विहीर बारमाही. आषाढ-श्रावणात लावलेला आणि दीड वर्षाच्या आसपास तुटणारा ऊस अडसाली. ग्रामपंचायतीची निवडणूक पंचवार्षिक. इंग्रजी हेच करते, फक्त मधे एक छोटी आडवी रेघ ओढते. पाच वर्षं म्हणजे ‘फाइव्ह इयर्स’, पण पाच वर्षांचं कर्ज म्हणजे ‘फाइव्ह-इयर लोन’. रेघ आली की ‘इयर्स’मधला शेवटचा ‘स’ गळून पडतो.

कॉलेजला जाणाऱ्या मुली इथे अडतात. पाच वर्षं असून ‘इयर’ एकवचनी कसं? त्याचं कारण असं, की पाच वर्षांची मोळी बांधून ती कर्जाच्या पुढे ठेवली, म्हणजे आता ती कर्जाचं विशेषण झाली. इंग्रजीत विशेषणाचं अनेकवचन होत नाही. आपण ‘चांगला मुलगा’ आणि ‘चांगली मुलं’ असं बदलतो, त्यांच्याकडे दोन्ही ठिकाणी ‘गुड’च राहतं. एवढं लक्षात ठेवलं की ‘टू-डे ट्रेनिंग’, ‘थ्री-मंथ कोर्स’ हे सगळं आपोआप जमतं.

आता ‘लाँग’कडे येऊ. हा शब्द दोन तऱ्हेनं येतो आणि दोन्ही वेळा त्याचा अर्थ वेगळा होतो. आकड्याच्या मागे बांधून आला तर ते निव्वळ माप असतं. ‘टू-मिनिट-लाँग’ म्हणजे दोन मिनिटांचं. दोन मिनिटं काही लांब नाहीत, तरी शब्द ‘लाँग’च. पण आकडा नसताना एकटा आला, ‘लाँग-टर्म’, ‘लाँग ड्युरेशन’, तर ते कुणाचं तरी मत असतं. कुणाचं, आणि कशाच्या तुलनेत, हे विचारल्याशिवाय त्यातून काहीच कळत नाही.

शेतातलंच उदाहरण घ्या. आपल्या विद्यापीठाच्या बदनापूर केंद्राचा तुरीचा बीडीएन ७११ हा वाण पाच महिन्यांच्या आसपास येतो. तुरीत तो लवकर येणारा. सोयाबीन मात्र पाच महिने शेतात राहिलं तर आपण कपाळाला हात लावू. सात-आठ महिने घेणाऱ्या तुरीला शेतीची पुस्तकं ‘लाँग ड्युरेशन’ म्हणतात. तीच पिशवी घेऊन बँकेत जा. बँकेच्या लेखी ती तूर ‘शॉर्ट ड्युरेशन’. रिझर्व्ह बँकेच्या नियमात ज्याचा हंगाम एका वर्षाहून जास्त, तेच ‘लाँग ड्युरेशन’ पीक. म्हणजे आपल्याकडे अडसाली ऊस त्यात बसतो, तूर कितीही रेंगाळली तरी बसत नाही.

याला महत्त्व आहे, कारण कर्ज बुडीतखाती धरायचा नियम या शब्दावर चालतो. तूर, सोयाबीन, कापूस अशा कमी मुदतीच्या पिकाचं कर्ज दोन पीक हंगाम थकलं, की खातं अनुत्पादक, म्हणजे ज्याला सगळे एनपीए म्हणतात ते होतं. लांब मुदतीच्या पिकाला मात्र एकच हंगाम. ऐकायला उलटं वाटतं. ‘लाँग’ असेल तर सवलतही जास्त असेल असं आपण धरून चालतो. पण उसाचा एक हंगामच वर्षाहून मोठा, म्हणून तिथे एकच मोजतात. पाथरी, सोनपेठ, गंगाखेड भागातल्या ऊस लावणाऱ्या घरांनी हे नीट ध्यानात ठेवावं. आणि गटाचं कर्ज पीककर्जात मोडत नाही. त्याला हंगाम नाही, तिथे नव्वद दिवस आहेत. हप्ता नव्वद दिवसांपेक्षा जास्त थकला की झालं, मग पाऊस पडो न पडो.

सोसायटीच्या जुन्या कागदांवर अल्प मुदत, मध्यम मुदत, दीर्घ मुदत असं लिहिलेलं असतं. मला ते शब्द आवडतात, निदान वाचता येतात. पण ‘दीर्घ’ म्हटल्यावरही किती हा प्रश्न राहतोच. तेव्हा साहेबांनी ‘लाँग-टर्म आहे, काळजी करू नका’ असं सांगितलं, तर किती महिने, किती हप्ते, शेवटचा कोणत्या तारखेला, हे विचारा आणि ठरावाच्या वहीत लिहून घ्या.

दुसरा फसवा शब्द ‘ओल्ड’. एकटा असला तर म्हातारं किंवा जुनं. आकड्याला बांधला तर फक्त वय. महिन्याच्या तान्ह्या लेकरालासुद्धा इंग्रजी ‘वन-मंथ-ओल्ड बेबी’ म्हणते! हसू येतं, पण या ‘ओल्ड’वरून सुकन्या समृद्धी खात्यात खूप जणींची गल्लत होते. खातं २१ वर्षांनी पूर्ण होतं, हे सगळ्यांना माहीत आहे. पण कुणाची २१ वर्षं? पुष्कळजणी समजतात मुलीची. ती ‘ट्वेंटी-वन-इयर-ओल्ड’ झाली की पैसे मिळतील. नियमात ‘ओल्ड’ नाही. तिथे खातं उघडल्याच्या तारखेपासून २१ वर्षं असं आहे. मुलगी चार वर्षांची असताना खातं काढलं, तर ते तिच्या पंचविसाव्या वर्षी पूर्ण होणार. त्यातली पहिली १५ वर्षं पैसे भरायचे, पुढची सहा वर्षं न भरता व्याज चालू राहतं. मधे काहीच मिळत नाही असंही नाही. मुलगी १८ वर्षांची झाली किंवा दहावी झाली, की शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. १८ नंतर लग्न ठरलं तर खातं बंदही करता येतं. पण तिचं एकविसावं वर्ष धरून कुणी नर्सिंगच्या फीचा हिशेब मांडला असेल, तर तो आजच पुन्हा मांडा.

एक गंमत मधेच सांगते, कारण मुली बोलण्याचं इंग्रजी शिकताना हमखास विचारतात. ‘अ गुड टू अवर्स’ असं ऐकू येतं. ‘अ’ म्हणजे एक, मग पुढे दोन तास कसे? आणि ‘गुड’ काय त्यात? आपण म्हणतोच की, ‘चांगले दोन तास एसटीची वाट पाहिली.’ त्या दोन तासांत चांगलं काय होतं? काही नाही. दोन तास तरी नक्कीच, थोडे जास्तच, एवढंच सांगायचं असतं. इंग्रजीही ‘गुड’ तसंच वापरते, आणि दोन तासांचं एकच गाठोडं धरते, म्हणून पुढे ‘अ’. ‘गुड’च्या जागी ‘फुल’ आलं तर पूर्ण दोन तास, ‘मिअर’ आलं तर जेमतेम दोन तास. हे बोलण्यात शोभतं. हप्त्याच्या कागदावर ‘चांगले तीन महिने’ चालत नाहीत.

आता शेवटचा आणि माझ्या मते सगळ्यात जपून वाचायचा शब्द ‘लाइफ’. ‘लाइफलाँग’ म्हणजे जन्मभर. पण नुसतं ‘लाइफ’ म्हणजे जन्मभर नाही. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा ४३६ रुपयांचा, कव्हर दोन लाखांचं. नावात जीवन, फॉर्मवर ‘लाइफ इन्शुरन्स’, म्हणून एकदा पैसे कापले की जन्माची सोय झाली असं वाटतं. तो विमा जिवावर आहे, जन्मभराचा नाही. मुदतीचा शब्द त्याच कागदावर वेगळा आहे, ‘वन-इयर’. १ जूनला सुरू होतो, ३१ मेला संपतो. दरवर्षी खात्यातून ४३६ रुपये कापले गेले तरच पुढचं वर्ष चालू होतं. १८ ते ५० वयात त्यात जाता येतं आणि ५५ पर्यंत तो चालतो. एकदा बंद पडून पुन्हा घेतला, तर पहिले तीस दिवस अपघाताशिवाय झालेल्या मृत्यूला रक्कम मिळत नाही.

आणि मे महिना कोणता, तर खात बियाण्यासाठी खातं रिकामं करायचा. नेमके त्याच आठवड्यात ४३६ रुपये खात्यात नसतात. म्हणून मेच्या बैठकीत प्रत्येकीच्या बचत खात्याची शिल्लक विचारायची आणि जूनच्या बैठकीत प्रत्येकीनं पासबुक भरून आणायचं. त्यात ४३६ ची नोंद शोधायची. अपघात विम्याचे २० रुपयेही तिथेच दिसतील, तोही ‘वन-इयर’च आहे. ज्यांच्या पासबुकात नोंद नाही, त्यांची नावं सचिवताईंनी वेगळी लिहावीत आणि सगळ्यांनी मिळून एकाच दिवशी बँकेत जावं.