डोळे नसलेला पहारेकरी

'कूल हँड ल्यूक' या १९६७ च्या अमेरिकी चित्रपटात गॉडफ्रे नावाचा एक पहारेकरी आहे. तो जवळजवळ तोंडच उघडत नाही. खांद्यावर बंदूक आणि डोळ्यांवर आरशासारखा चष्मा. त्याच्याकडे पाहिलं की कैद्याला स्वतःचाच चेहरा दिसतो, त्याची नजर काही दिसत नाही. कैदी त्याला 'डोळे नसलेला माणूस' म्हणतात.

पॉल न्यूमनने रंगवलेल्या ल्यूकचा गुन्हा तसा किरकोळ. दारूच्या नशेत त्याने रस्त्यावरच्या पार्किंग मीटरची मुंडकी कापली. शिक्षा दोन वर्षांची. रस्त्याच्या कडेचं गवत कापायचं, आणि लघवीला जायचं झालं तरी आधी साहेबाला विचारायचं. ल्यूक पैजेवर तासाभरात पन्नास अंडी खातो, पुन्हा पुन्हा पळतो, पुन्हा पुन्हा पकडला जातो. त्याला मोडण्यासाठी खड्डा खणायला लावतात, तो बुजवायला लावतात, परत खणायला लावतात. शेवटी त्याच्यावर गोळी झाडतो तो गॉडफ्रेच. मूळ कादंबरीचा लेखक डॉन पिअर्स याने फ्लोरिडातल्या अशाच रस्ता-छावणीत स्वतः शिक्षा भोगली होती. म्हणूनच त्यातली धूळ आणि घाम खरा वाटतो.

हा चित्रपट नगर जिल्ह्यातल्या सोनईत बसून पाहताना नजरेचा विषय डोक्यातून जात नाही. शनिशिंगणापूर इथून हाकेच्या अंतरावर. तिथल्या जुन्या घरांना चौकटी आहेत, पण दारं नाहीत, कड्या-कुलपं नाहीत. २०११ मध्ये युको बँकेने तिथे शाखा काढली, तीही बिनकुलपाची. शनिदेव बघतो आहे, चोरी करणाऱ्याला तो सोडत नाही, ही श्रद्धा त्यामागे आहे. लहानपणापासून आम्ही हेच ऐकत आलो. पण तिथेही राखण होते ती कोपाच्या धाकाने. धाकाशिवाय नुसती नजर माणसाला धरून ठेवू शकते का?

आपल्याकडे हा प्रश्न व्ही. शांताराम यांनी विचारला, ल्यूकच्या दहा वर्षं आधी. १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ'. कथा ग. दि. माडगूळकरांची. आदिनाथ नावाचा जेलर सहा खुनी कैद्यांना तुरुंगातून बाहेर काढतो आणि एका ओसाड माळावर घेऊन जातो. भिंत नाही, बंदूक नाही. माळ फोडून ते भाजी पिकवतात.

यातला बाजाराचा भाग आमच्याकडच्या शेतकऱ्याला वेगळ्या प्रकारे भिडतो. घोडेगावच्या कांदा मार्केटला गाडी लावून ज्याने भाव फुटायची वाट पाहिली आहे, त्याला काही समजावून सांगावं लागत नाही. कैदी रास्त भावात भाजी विकू लागतात, तसा व्यापाऱ्याचा धंदा बसतो आणि तो त्यांच्यावर गुंड घालतो. ज्यांच्या हातून खून झालेले, ते मार खातात आणि हात उचलत नाहीत. पुढे पिकात बैल सोडला जातो. त्याला थोपवताना आदिनाथचा जीव जातो. चित्रीकरणात शांतारामांच्या डोळ्यांनाच इजा झाली आणि काही काळ पट्टी बांधून त्यांना अंधारात राहावं लागलं. डोळ्यांवरच्या चित्रपटासाठी माणसाने आपले डोळे पणाला लावले! पुढे बर्लिनच्या महोत्सवात चित्रपटाचा गौरव झाला, राष्ट्रपतींचं सुवर्णपदकही मिळालं.

आणि ही कथा हवेतली नाही. औंध हे ७२ गावांचं छोटं संस्थान. राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३९ मध्ये आपले अधिकार प्रजेच्या हाती सोपवायला सुरुवात केली. त्या प्रयोगातला एक साथी होता मॉरिस फ्रिडमन, पोलंडहून आलेला ज्यू इंजिनिअर, गांधीजींच्या वर्तुळातला. त्याच्याच आग्रहातून आटपाडीजवळ स्वतंत्रपूर उभं राहिलं. गंभीर गुन्ह्यातले कैदी, बायकापोरं सोबत, कसायला जमीन, आणि भोवती भिंत नाही. माडगूळकरांचं माडगुळे आटपाडीच्याच मुलखातलं. तो माळ त्यांना कुणी दाखवायची गरज नव्हती. स्वतंत्रपूरची वसाहत आजही आहे.

गॉडफ्रेची नजर कैद्याला दिसत नाही. आदिनाथची नजर तो मेल्यावरही कैद्यांची पाठ सोडत नाही, आभाळातून त्यांच्याकडे पाहत राहते. पहिल्या नजरेपुढे ल्यूक शेवटपर्यंत उभा राहतो. दुसरीपुढे सहाही जण विरघळतात. माझा जीव आदिनाथकडे ओढतो, हे खरंच. तरी एक गोष्ट खटकते. शांतारामांच्या सहा जणांत ल्यूक नाही. सुधारायलाच नको म्हणणारा, जेलरच्या चांगुलपणापुढेही 'मी तुझा नाही' म्हणणारा एकही कैदी त्या माळावर शेवटपर्यंत टिकत नाही. आदिनाथची नजर प्रेमाची आहे, पण नकाराला तिच्यात जागा कमी आहे.

खुलं कारागृह आता आम्हाला नवं नाही. आमच्याच जिल्ह्यात श्रीगोंदा तालुक्यात विसापूर आहे, शेवगाव ओलांडून गेलं की पैठण आहे. तिथे कैदी शेती करतात. शिक्षेत माफीही इतर तुरुंगांपेक्षा जास्त मिळते. ही फार मोलाची गोष्ट आहे. पण तिथे कैदी नेला जातो तो वागणूक पाहून: शिक्षेचा काही भाग भोगलेला, ज्याच्याबद्दल तक्रार नाही असा. आदिनाथने मात्र मुद्दाम कठीण माणसं निवडली होती आणि कुलूप त्यांच्यासाठी काढलं होतं. आपण ते आधीच सरळ झालेल्यांसाठी काढतो. ल्यूकचा अर्ज पैठणच्या आणि विसापूरच्या यादीत पहिल्याच चाळणीला बाद झाला असता, आणि तो उरलेली शिक्षा भिंतीआडच, चष्मेवाल्या माणसासमोर काढत राहिला असता.