सायकल, साखर आणि खिशातली पुडी

सकाळी सहा-साडेसहाच्या सुमारास मानपाड्याच्या नाक्यावर उभे राहिले की दोन जातींचे सायकलस्वार दिसतात. एक आपला नेहमीचा. काळी उंच सायकल, कॅरिअरला डबा, पायात चप्पल, एमआयडीसीतली सात वाजताची पाळी गाठायची घाई. दुसरा अलीकडचा. अंगाला घट्ट रंगीत कपडे, डोक्यावर हेल्मेट, सायकलीची किंमत विचारली तर आपल्याला खुर्ची लागावी अशी. हा कल्याण-शिळ रस्त्याने खिडकाळीच्या देवळापर्यंत किंवा शिळफाट्यापर्यंत जाऊन परत येतो, आणि रविवारी याहून लांब कुठेतरी. दोघेही माझ्या दवाखान्यात येतात. दुसरा आत शिरताच "डॉक्टर, मी सायकलिंग करतो" असे सांगतो. पहिला तीस वर्षे सायकल चालवतो आणि ती गोष्ट सांगायची असते हेच त्याच्या गावी नसते. आजची हकीकत या पहिल्याची आहे, आणि थोडी माझ्या चुकीचीही.

हे गृहस्थ सोनारपाड्याकडे राहतात, वय बावन्न, कारखान्यात फिटर. मुलगा नोकरीला लागला आणि त्याने हौसेने वडिलांना स्कूटर घेऊन दिली. सायकल जिन्याखाली गेली. दोन वर्षांत पोट सुटले आणि मधुमेह निघाला. मी मेटफॉर्मिन सुरू केले, पुढे साखर हटेना म्हणून त्यात ग्लिमेपिराइडची भर घातली, मग तिचाही डोस वाढवला. एका भेटीत मी त्यांना चांगलेच सुनावले. "मामा, ती सायकल बाहेर काढा. औषधापेक्षा तिचा गुण जास्त येईल." माणूस शब्दाचा पक्का. दुसऱ्याच दिवशी सायकलला तेलपाणी करून स्वारी कामावर निघाली.

तीन आठवड्यांनी सकाळी पावणेदहाच्या सुमारास दोघा सोबत्यांनी त्यांना रिक्षातून आणले. त्या दिवशी कारखान्याच्या सामानासाठी ते पुन्हा सायकलवरून बाहेर पडले होते आणि वाटेत कोसळले. अंग घामाने निथळत होते, कपाळाला खोक पडली होती, बोलणे असंबद्ध. रस्त्यावरच्या एकाने "सकाळी सकाळीच घेऊन आलाय" असा शेरा मारला आणि त्यामुळे पहिली पाच मिनिटे कोणी जवळही गेले नाही. साखर पाहिली तर ४६. शिरेतून २५ टक्के ग्लुकोज दिले. काही मिनिटांत मामा उठून बसले आणि पहिला प्रश्न विचारला, "सायकल कुठाय?"

कपाळाला तीन टाके पडले. काकू आल्या, सगळे ऐकून घेतले आणि शांतपणे मला म्हणाल्या, "डॉक्टर, सायकल चालवा म्हणून तुम्हीच सांगितलं होतं ना?"

मीच सांगितले होते. सायकल सुरू करा म्हणालो, पण गोळी कमी केली नाही. ते घरातून नुसत्या चहावर निघतात, गोळी निघतानाच घेतात आणि पहिला घास साडेनऊला कॅन्टीनमध्ये पोटात जातो, हेही मी कधी विचारले नव्हते. त्या दिवशी कॅन्टीनही हुकले होते.

झाले ते असे. पाय पॅडल मारू लागले की मांड्यांचे मोठे स्नायू रक्तातली साखर भराभर ओढून घेतात, आणि हे ओढणे सायकल उभी केल्यावरही कित्येक तास चालू राहते. म्हणून तर सायकलचा गुण येतो. निरोगी माणसाचे शरीर अशा वेळी आपले इन्सुलिन कमी करते आणि यकृत साठ्यातली साखर सोडते. पण ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. रक्तात साखर आहे की नाही हे त्या पाहत नाहीत. इन्सुलिनचे इंजेक्शन घेणाऱ्यांचेही तेच. नुसते मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना हा धोका फारच कमी. तेव्हा मधुमेह असून सायकल सुरू करणार असाल, किंवा बंद केलेली पुन्हा चालू करणार असाल, तर आधी आपल्या डॉक्टरांना गोळ्यांची पाकिटे दाखवा आणि सायकलची वेळ व अंतर सांगा. डोस त्यांना बदलू द्या. हा लेख वाचून स्वतःच गोळी तोडू नका.

साखर ७० च्या खाली उतरू लागली की हात थरथरतात, घाम फुटतो, छातीत धडधडते, भूक लागते, चिडचिड होते. सायकलवर घोटाळा असा की घाम आणि धडधड तर नेहमीच असते, त्यामुळे माणूस दुर्लक्ष करून आणखी चार पॅडल मारतो. ब्लडप्रेशरसाठी मेटोप्रोलॉलसारख्या गोळ्या चालू असतील तर थरथर आणि धडधड झाकली जाते, घाम मात्र येतो. शंका आली की ताबडतोब सायकल थांबवावी, रस्त्याच्या कडेला बसावे आणि तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज तोंडात टाकावे. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढेच, आणि बरे वाटल्यावर पोळी किंवा बिस्किटे. चॉकलेटवर विसंबू नये, त्यातल्या चरबीमुळे साखर हळू भिनते. आणखी एक बारकावा, जो कित्येक पेशंटना कोणी सांगितलेला नसतो. जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायची व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही गोळी चालू असेल तर घरातली साखर लवकर पचत नाही. अशांनी ग्लुकोज पावडरच जवळ ठेवावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही ओतू नये. त्याला कुशीवर वळवून दवाखान्यात न्यावे.

मामांना मी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत समोरच बसवून ठेवले, कारण या गोळ्यांचा अंमल लांबतो आणि एकदा वर आलेली साखर पुन्हा घसरू शकते. गोळी निम्म्यावर आणली, ती नाश्त्याबरोबर घ्यायला सांगितली, निघण्यापूर्वी एक पोळी सक्तीची केली आणि खिशात ग्लुकोजची पुडी. काकूंचा आग्रह सायकल विकून टाकण्याचा होता. मी हात जोडले. कोपनहेगनमध्ये सुमारे तीस हजार लोकांची अनेक वर्षे पाहणी झाली आणि २००० साली तिचे निष्कर्ष छापून आले. कामावर सायकलने न जाणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण सायकलने जाणाऱ्यांपेक्षा ३९ टक्क्यांनी जास्त आढळले. इतर व्यायामाचा हिशेब वेगळा काढूनही हा फरक उरला. कोपनहेगनचे रस्ते आणि आपले रस्ते यांत अंतर आहे हे मला ठाऊक आहे, पण मांडीचे स्नायू सगळीकडे सारखेच.

आता हेल्मेटवाल्यांकडे वळू. त्यांची पहिली तक्रार गुडघा. दहातल्या निम्म्यांच्या गुडघ्याला काही झालेले नसते, सीट खाली असते. सीटवर बसून पॅडल अगदी खाली आणावे आणि त्यावर टाच टेकवावी. पाय जेमतेम सरळ व्हावा. मग चवडा पॅडलवर ठेवला की गुडघ्यात हवा तेवढा हलका बाक राहतो. गुडघ्याच्या पुढे वाटीपाशी दुखत असेल तर सीट बहुधा खाली, मागे लवणीत दुखत असेल तर बहुधा वर. दुसरे कारण जड गिअर. पुलाचा चढ जड गिअरवर दात-ओठ खात चढण्यात मर्दुमकी नाही. हलका गिअर टाकून मिनिटाला सत्तर-ऐंशी फेरे पडतील असे पाय फिरवावेत. ज्यांच्या सायकलला गिअरच नाही त्यांनी चढावर उतरून खुशाल ढकलत न्यावी, त्यात कमीपणा कसला?

एक पंचविशीतला तरुण घाबराघुबरा होऊन आला. दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे केली होती. ब्रेव्हे म्हणजे ठरलेले अंतर ठरलेल्या मुदतीत पार करणे, दोनशेला साडेतेरा तास मिळतात. दुसऱ्या दिवशी करंगळी आणि अनामिकेची एक बाजू बधिर. त्याला अर्धांगाची भीती. मनगटाच्या करंगळीकडच्या बाजूने एक नस तळहातात शिरते, ती तासन्‌तास हँडलवर दाबली गेली की असे होते. हाताची पकड सारखी बदलावी, हँडल थोडे उंच घ्यावे, मऊ मोजे घालावेत. त्याचे तीन आठवड्यांत गेले. बोटांतली ताकद कमी वाटली किंवा बधिरपणा रेंगाळला तर मात्र दाखवायलाच हवे.

अशीच बधिरता सीटवर बसून जांघेतही येते आणि पुरुषमंडळी ती लाजेने सांगत नाहीत. सीटचे नाक वर उचललेले असेल तर ते समतल करावे, दर दहा-पंधरा मिनिटांनी क्षणभर पॅडलवर उभे राहावे. गादीवाली चड्डी आत दुसरी चड्डी न घालता वापरायची असते, नाहीतर शिवणीने कातडे सोलते. घरी आल्याबरोबर ती बदलावी, घामट कपड्यात गप्पा मारत बसू नये. मधुमेह्यांना त्या जागी झालेले गळू चिघळायला वेळ लागत नाही.

पाण्याबद्दल थोडक्यात. आपली हवा दमट, घाम नुसता गळतो, वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. अर्ध्या तासाच्या फेरीला साधे पाणी पुरे. दीड-दोन तासांहून जास्त जायचे असेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून न्यावे. नुसते पाणीच लिटरमागून लिटर पिणेही बरे नव्हे, रक्तातले मीठ पातळ होते. हवेचे म्हणाल तर ज्या डोंबिवलीत २०२० च्या फेब्रुवारीत एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला तिथे मी काय सांगणार? दम्याच्या रुग्णांनी वाहने आणि धूळ कमी असताना, पहाटे निघावे, पंप खिशात ठेवावा आणि कारखान्यांचा वास दाटलेला असेल त्या दिवशी घरातच बसावे. पावसाळ्यात पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यातून सायकल नेऊ नये. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर लेप्टोने काय केले ते या भागातले लोक विसरलेले नाहीत. पडून खरचटले तर जखम साबण-पाण्याने धुवावी आणि धनुर्वाताचे इंजेक्शन केव्हा घेतले ते आठवावे.

हेल्मेट सायकलस्वाराला कायद्याने सक्तीचे नाही. मामांच्या कपाळावरचे टाके मी घातले आहेत, म्हणून मी ते घाला म्हणेन. मागचा लाल दिवा त्याहूनही आधी घ्या.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे. एक निवृत्त गृहस्थ, सकाळी हौसेने सायकल चालवणारे. त्यांना पुलाच्या चढावर छातीत जळजळायचे, उतारावर थांबायचे. अ‍ॅसिडिटी समजून ते महिनाभर गोळ्या खात राहिले. श्रम केले की येणारी आणि थांबले की जाणारी छातीतली जळजळ, दडपण किंवा जबड्याचे दुखणे पोटाचे नसून हृदयाचे असू शकते. ते वेळेत आले, अँजिओप्लास्टी झाली, डॉक्टरांच्या परवानगीने आता पुन्हा सायकल चालवतात.

नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली जोडीने अमेरिका आडवी पार करण्याची रॅम ही शर्यत पूर्ण केली. २०१७ मध्ये नाशिकचेच लेफ्टनंट कर्नल डॉ. श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत पुरी केली. सुमारे ४,८०० किलोमीटर. चौघेही डॉक्टर, आणि मी मानपाडा रोडवरून दवाखान्यात येताना रिक्षा करतो. हे मामांना सांगितले तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "डॉक्टर, तुम्हीपण काढा की."

मंगळवारी ते येऊन गेले. तीन महिन्यांची सरासरी साखर ९.१ वरून ७.२ वर आली आहे, गोळी आणखी उतरवता येईल. तक्रार एकच, खिशातली ग्लुकोजची पुडी घामाने भिजते आणि तिला मुंग्या लागतात. माझ्या खणात कॅमेऱ्याच्या रोलची एक जुनी, घट्ट झाकणाची डबी पडून होती, ती त्यांना दिली.