बर्फ आणि ऊन पाणी

१८३३ सालीं अमेरिकेंतील बोस्टन बंदरांतून ‘टस्कनी’ नांवाचें जहाज सुमारें १८० टन बर्फ घेऊन निघालें आणि चार महिन्यांच्या प्रवासानंतर कलकत्त्याकडे पोहोंचलें. वाटेंत विषुववृत्त दोन वेळां ओलांडावें लागलें. तरीहि सुमारें १०० टन बर्फ शिल्लक होतें. याचें श्रेय उष्णता रोखणाऱ्या वेष्टनास आहेच. पण बर्फाच्या अंगच्या एका गुणासहि तें दिलें पाहिजे.

तो गुण श्रोत्यांपैकीं कोणासहि घरच्या घरीं पारखतां येईल. शून्य अंश सेंटिग्रेडचें १०० ग्रॅम बर्फ ४० अंशांच्या ३०० ग्रॅम पाण्यांत टाकल्यास मिश्रणाचें उष्णमान किती होईल? पुष्कळ विद्यार्थी वजनांच्या प्रमाणांत सरासरी काढून ३० अंश असें उत्तर देतात. प्रत्यक्षांत पारा १० अंशांच्या आसपास येऊन थांबतो. मग मधले २० अंश गेले कोठें?

याचा उलगडा स्कॉटलंडांत ग्लासगो येथें शिकविणारे जोसेफ ब्लॅक यांनीं १७६० नंतर लवकरच केला. बर्फ वितळत असतां उष्णता शोषून घेतें, परंतु त्याचें उष्णमान वाढत नाहीं. पाऱ्यास न दिसणाऱ्या या उष्णतेस अनुद्भूत उष्णता म्हणतात. एक ग्रॅम पाणी एक अंशानें तापविण्यास एक कॅलरी पुरते. एक ग्रॅम बर्फाचें शून्य अंशाचेंच पाणी करण्यास मात्र सुमारें ८० कॅलरी लागतात.

आतां हिशेब सोपा आहे. ३०० ग्रॅम पाणी ४० अंशांवरून शून्यावर आलें, तर १२,००० कॅलरी देईल. त्यांतील ८,००० बर्फ वितळविण्यांत खर्च होतील. उरलेल्या ४,००० कॅलरी ४०० ग्रॅम पाण्यांत वांटल्या कीं उत्तर १० अंश.

हीच रीत डोळे मिटून चालविल्यास मात्र फसगत होते. १०० ग्रॅम बर्फ आणि ६० अंशांचें १०० ग्रॅम पाणी घेतल्यास उत्तर उणे १० अंश येतें. म्हणजे ऊन पाणी ओतल्यानें बर्फ अधिकच गार झालें! वस्तुतः पाण्याजवळ ६,००० कॅलरीच आहेत. तेवढ्यांत ७५ ग्रॅम बर्फ वितळेल, २५ ग्रॅम तसेंच तरंगत राहील, आणि उष्णमान शून्य अंश. म्हणून प्रथम सारें बर्फ वितळेल काय हें पाहावें, आणि मगच भागाकार करावा.

घरच्या शीतकपाटांतील बर्फ बहुधा शून्याखालीं असतें. तें शून्यावर आणण्यास दर ग्रॅमला, दर अंशामागें, सुमारें अर्धी कॅलरी अधिक धरावी. भांडें व भोंवतालची हवा यांमुळेंहि उत्तरांत थोडा फरक पडतो.

या ८० कॅलरींचें महत्त्व पेल्यापुरतें नाहीं. शून्य अंश होतांच बर्फ एकदम वितळतें, तर उन्हाळ्याच्या आरंभींच हिमालयांतील हिम एका लोंढ्यानें खालीं येऊन खोरीं बुडालीं असतीं, असा विचार ब्लॅक यांच्या पद्धतीनें करतां येतो. प्रत्येक ग्रॅमला आपला वांटा मिळेपर्यंत हिम थांबतें. म्हणून गंगेस व सिंधूस उन्हाळ्यांतहि पाणी पुरतें, आणि म्हणूनच बोस्टनचें बर्फ कलकत्त्यास पोहोंचलें.