दिव्यांग मुलांच्या शाळेचे वाद : ऐकणारा माणूस कोण?

उत्तर कन्नड जिल्ह्यातील सर्वांत विस्तीर्ण तालुका जोयडा हा होय. काळी नदीवरील धरणाच्या जलाशयात जुने सुपे गाव गेले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले; वृद्ध माणसे मात्र अद्याप 'सुपे तालुका' असेच म्हणतात. २०११ च्या जनगणनेत एवढ्या मोठ्या प्रदेशात सुमारे ५२ हजार माणसे मोजली गेली. अरण्यात विखुरलेल्या कुणबी वाड्या, वाडीत थोडीशी घरे, आणि शाळा असलीच तर एक-दोन शिक्षकांची. घरी कोकणी, शाळेत बहुतेक ठिकाणी कन्नड आणि क्वचित मराठी, अशी तेथील मुलांची भाषेची कसरत चाललेली असते.

अशा एखाद्या वाडीतील नऊ वर्षांची मुलगी डोळ्यांपुढे आणावी. जन्माच्या वेळी मेंदूस इजा झाल्यामुळे तिचे पाय चालत नाहीत, हात थरथरतात, बोलणे आईलाच तेवढे उमगते. शाळेच्या पटावर तिचे नाव आहे आणि नावापुढे 'गृहाधारित शिक्षण' असा शेरा आहे. म्हणजे शिक्षकाने ठरावीक दिवशी घरी जाऊन तिला शिकवावयाचे. बापाचे म्हणणे असे की, मुलीला इतर मुलांबरोबर शाळेत बसावयाचे आहे. मुख्याध्यापक म्हणतात, शाळेच्या पायऱ्यांना उतरण नाही, मदतनीस नाही, आणि पावसाळ्यात ओढा ओलांडून तिला आणावयाचे कोणी? दोघांचेही म्हणणे खोटे नाही. ही मुलगी कल्पित असली, तरी अशा जातीचे वाद देशात सर्वत्र उपस्थित होत असतात. तो वाद ऐकावयास बसणाऱ्या माणसाने त्यापूर्वी आयुष्यात कोणते काम केले आहे, ह्यावर निकालाचा पुष्कळसा भाग अवलंबून राहतो. आपल्याकडे ह्या प्रश्नाचा विचार फार थोडा झालेला आहे.

एके काळी असा वादच संभवत नव्हता. सक्तीच्या शिक्षणाच्या कित्येक जुन्या कायद्यांत शारीरिक अथवा मानसिक व्यंग हे मूल शाळेत न धाडण्यास सबळ कारण समजले जाई. हक्कच नाही तेथे तक्रार कसली? १९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्याने हे चित्र पालटावयास प्रारंभ झाला. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्यात २०१२ साली दुरुस्ती होऊन बहुविकलांग व तीव्र विकलांग मुलांना घरी राहून शिकण्याची मुभा मिळाली. येथे एक बारकावा ध्यानात घ्यावयास हवा. ही मुभा मुलाची आहे, शाळेची नव्हे. घरी शिकावयाचे की शाळेत, हे मुलाने व पालकांनी ठरवावयाचे. पुढे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ रोजी लागू झाला. त्याने चाळीस टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला, आणि तोही शेजारच्या शाळेत किंवा स्वतःच्या पसंतीच्या विशेष शाळेत. मुलाची व त्याच्या मदतनिसाची ने-आण करण्याची सोयसुद्धा ह्या कायद्याने शिक्षणसंस्थांच्या कर्तव्यांत घातली. तेव्हा ओढ्याचा प्रश्न हा आता केवळ बापाचा राहिलेला नाही.

आता तक्रार ऐकणाऱ्यांकडे वळू. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे पहिली लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे करावयाची आणि त्याने दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यावयाचा. व्यवहारात असा कागद बहुधा शिक्षणखात्याच्याच मेजावर जाऊन पडतो. जोयड्याचे महसुली व न्यायालयीन ठाणे कारवार, परंतु शैक्षणिक जिल्हा शिरसी. म्हणजे कागदाने कोणत्या वाटेने जावयाचे हेच पालकाला प्रथम विचारून घ्यावे लागते. तालुक्याचा क्षेत्रशिक्षणाधिकारी हा एक तर स्पर्धापरीक्षेतून आलेला प्रशासक असतो, किंवा वर्गशिक्षक व मुख्याध्यापक अशा पायऱ्या चढून आलेला अनुभवी माणूस असतो. शाळा कशी चालते हे त्याला कोणी शिकवावयास नको. पण समावेशक शिक्षण हा विषय बी.एड.च्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात सर्वत्र आला तो २०१५ च्या सुमारास. त्यापूर्वी पदवी घेतलेल्या अधिकाऱ्याने ह्या मुलांविषयी जे काही जाणले असेल ते आपल्या हौसेने वा एखाद्या अल्पमुदतीच्या शिबिरात. दुसरी अडचण अधिक खोल आहे. ज्या खात्याविरुद्ध तक्रार, त्याच खात्याचा हा अधिकारी. मदतनीस नेमला गेला नाही, हा दोष काही अंशी त्याच्याच कचेरीचा असतो. मग तो सचोटीचा असूनही पहिला प्रश्न विचारतो तो नोंदवहीचा : गृहभेटी किती झाल्या? भेटी भरल्या असतील तर तक्रार मिटली असे त्याला मनापासून वाटते.

ह्या निर्णयावर अपील जाते ते राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे. २००५ च्या कायद्याने ह्या आयोगात अध्यक्षाखेरीज सहा सदस्य ठेवले आणि त्यांची क्षेत्रेही सांगितली : शिक्षण, बालआरोग्य, बालमानसशास्त्र वा समाजशास्त्र, मुलांविषयीचे कायदे इत्यादी. दिव्यांग मुलांचे काम हे त्यांतील एका क्षेत्राच्या पोटात येते. त्यासाठी स्वतंत्र आसन नाही.

दुसरा मार्ग राज्याच्या दिव्यांग आयुक्तांचा. कर्नाटकापुरते हे कार्यालय बंगळुरास आहे. तक्रारीवरून अथवा आपण होऊन चौकशी करण्याचा अधिकार आयुक्तांना आहे. साक्षीदार बोलावणे, दप्तर मागविणे, शपथपत्र घेणे ह्या बाबतींत त्यांना दिवाणी न्यायालयाचे सामर्थ्य दिलेले आहे. मात्र चौकशीअंती ते जे देतात ती शिफारस असते. संबंधित खात्याने तीन महिन्यांत ती अमलात आणावी, आणि मान्य नसेल तर त्याच मुदतीत कारणे कळवावीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली, जुन्या कायद्याखालील एका प्रकरणात, मुख्य आयुक्तांना अंतरिम मनाई देता येत नाही असे स्पष्ट केले होते. आणि ह्या पदासाठी कायद्याने पात्रता कोणती ठरविली? पुनर्वसनाच्या विषयाचे विशेष ज्ञान अथवा प्रत्यक्ष अनुभव. कायद्याचे ज्ञान असावे असे तेथे म्हटलेले नाही, शिक्षणशास्त्राचे असावे असेही नाही. ह्या शब्दांत साऱ्या तऱ्हेची माणसे सामावतात, आणि सामावलेलीही आहेत. कर्नाटकात २०१३ साली ह्या पदावर आलेले के. एस. राजण्णा ह्यांनी तान्हेपणीच पोलिओने हातपाय गमावले होते. ते समाजसेवक व उद्योजक म्हणून पुढे आले आणि २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. दिल्लीत मुख्य आयुक्तपदी बसलेले प्रसन्नकुमार पिंचा हे दृष्टिहीन आणि स्वयंसेवी संस्थांच्या कार्यात मुरलेले. महाराष्ट्रात ही खुर्ची बहुधा प्रशासकीय सेवेतील अधिकाऱ्याकडे जात आली. पुण्याचे आयुक्तालय विशेष शाळांना मान्यता देण्याचे कामही पाहते. मान्यता देणारा आणि तक्रार ऐकणारा हात एकच असावा, हे काही फारसे समाधानकारक नाही.

कल्पित मुलीचा कागद ह्या निरनिराळ्या माणसांपुढे ठेवून पाहावा. वकिली केलेला माणूस विचारील, घरी शिकविण्यास पालकांची संमती केव्हा घेतली, कोणत्या भाषेत घेतली, अंगठा कोणाचा? कन्नडमध्ये छापलेल्या अर्जावर कोकणी बोलणाऱ्या बापाने अंगठा उठविला असेल, तर एवढ्या एका प्रश्नाने प्रकरण उलगडते. पण तो तेथेच थांबण्याचा संभव आहे. विशेष शिक्षक किंवा उपचारतज्ज्ञ असेल तर तो मुलीकडे पाहील. ती मान धरू शकते काय, आधाराच्या खुर्चीत किती वेळ बसते, बोलता येत नसले तरी चित्रावर बोट ठेवून उत्तर देते काय, हे तो तपासील. पुष्कळदा अशा मुलीला मतिमंद ठरवून मोकळे होतात आणि तिची समज शाबूत असल्याचे कोणाच्या गावीही नसते. स्वतः दिव्यांगत्व भोगलेला अधिकारी आणखी एक गोष्ट जाणतो. दारात बसून इतर मुले शाळेला जाताना पाहणे म्हणजे काय, हे त्याला साक्षीदाराकडून ऐकावे लागत नाही. तथापि अनुभव म्हणजे सर्वज्ञता नव्हे. अंधत्व जाणणाऱ्याला मेंदूच्या विकाराची माहिती असेलच असे नाही. आयुक्तांच्या साहाय्यास ह्या क्षेत्रातील तज्ज्ञांची पाच जणांपर्यंतची सल्लागार समिती असावी, अशी तरतूद कायद्याने केली आहे ती ह्याचसाठी. समिती कागदावर राहते की सुनावणीच्या वेळी तिचा सल्ला खरोखर घेतला जातो, इकडे पालकसंघटनांनी लक्ष पुरविले पाहिजे.

परदेशांत हा प्रश्न आधी उपस्थित झाला. अमेरिकेत १९७५ च्या कायद्याने पालकांना निःपक्षपाती सुनावणीचा हक्क दिला आणि सुनावणी घेणारा हा त्या मुलाच्या शिक्षणाशी संबंधित खात्याचा नोकर नसावा, एवढी अट घातली. आरंभीच्या काळात प्राध्यापक, मानसशास्त्रज्ञ, दुसऱ्या गावचे शाळाधिकारी अशी माणसे ह्या कामास बसत. हळूहळू वकील वाढले. २००४ च्या दुरुस्तीने ह्या कायद्याचे ज्ञान, रीतसर सुनावणी चालविण्याचे ज्ञान आणि निकाल लिहिण्याची पात्रता आवश्यक ठरविली. मुलांना शिकविल्याचा अनुभव मात्र त्या यादीत नाही. न्यू जर्सीत कितीतरी मराठी कुटुंबे स्थायिक आहेत; तेथे हे वाद प्रशासकीय न्यायाधीशांपुढे चालतात, आणि ते कायद्याचे पदवीधर असतात. तेथील पालकाला आपल्या बाजूचा मानसशास्त्रज्ञ स्वतःच्या खर्चाने उभा करावा लागतो, कारण न्यायासनावर तसा कोणी नसतो. इंग्लंडने वेगळी वाट धरली. १९९३ च्या शिक्षण कायद्याने तेथे ह्या वादांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरण निघाले, आणि त्यात कायदा जाणणाऱ्या अध्यक्षाबरोबर विशेष शिक्षणातील जाणकार सदस्य बसू लागले. दोघांनी एकत्र ऐकावयाचे आणि निकाल एकच द्यावयाचा. ह्या दोहोंत इंग्लंडची पद्धत आपल्याला अधिक मानवेल असे वाटते. खर्चाचे तज्ज्ञ साक्षीदार जोयड्याच्या बापाला कोठून परवडणार? त्याचे भांडवल एवढेच की, मुले व दिव्यांग व्यक्ती ह्यांना १९८७ च्या कायद्याने मोफत विधी साहाय्य मिळते, आणि त्यासाठी कारवारच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जाता येते.

अशी मिश्र बैठक आपल्या कायद्याला अपरिचित आहे असेही नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाखाली स्थानिक समिती असते. तीत जिल्हाधिकाऱ्याच्या दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असे तिघे बसतात. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व व बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींना पालक नेमून देणे हे तिचे मुख्य काम. म्हणजे ह्या मुलीचा कायदेशीर पालक कोण असावा हे ठरवावयाचे झाल्यास तीन तऱ्हेची माणसे जमतात, आणि तिने शाळेत बसावे की नाही हे ठरवावयाचे झाल्यास पहिल्या पायरीवर खात्याचा एक अधिकारी पुरेसा मानला जातो.

विशेष शिक्षकांची उणीव तर सर्वांना ठाऊक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबर २०२१ रोजी प्राथमिक शाळेत अशा दहा मुलांमागे एक आणि त्यापुढील वर्गांत पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा असे सांगितले. जेथे अख्ख्या शाळेत दहा मुले जमत नाहीत, तेथे हा हिशेब अनेक शाळांना मिळून एक फिरता शिक्षक असाच करावा लागतो. तालुक्यातील समावेशक शिक्षणाचे साधनशिक्षक आज हेच काम करतात. मुलीला जवळून पाहिलेला, तिच्या घरचा उंबरठा ओलांडलेला शासकीय माणूस बहुधा हाच. सुनावणीत त्याला बोलावलेच तर खात्याचा साक्षीदार म्हणून बोलावतात.

आयुक्तांच्या अधिकारांत एक कलम असे आहे की, साक्षीदार तपासण्यासाठी त्यांना कमिशन नेमता येते. म्हणजे बापाने मुलीला पाठुंगळीस घेऊन बंगळूर गाठण्याऐवजी आयुक्तांनी नेमलेली व्यक्ती वाडीवर जाऊ शकते. त्या व्यक्तीचा व्यवसाय कोणता असावा, ह्याविषयी कायदा काही सांगत नाही. ती निवड सर्वस्वी आयुक्तांची. मुलीचे बोलणे तिच्या आईला तेवढे कळते, आणि आई बोलते कोकणी. अर्ज करतानाच पालकाने ह्या दोन्ही गोष्टी लिहून, कोकणी जाणणारा व अशा मुलांना शिकविलेला माणूस पाठवावा अशी मागणी केली, तर ती नाकारावयास आयुक्तांना कारण द्यावे लागेल.