किल्ल्यावरचा मावळा बोलू लागतो तेव्हा : पट, पुतळे आणि भूमिका

आजचं व्याख्यान खांबला होतंय, याचा आम्हाला विशेष आनंद आहे. मुंबई-गोवा महामार्गावर नागोठणं मागे पडलं की कोलाडच्या आधी हे गाव लागतं, आणि प्रवासी बहुधा न थांबता पुढे जातात. पण इथून जवळच सुरगड आहे. रोह्याकडे अवचितगड. पेणच्या बाजूला हमरापूर-जोह्याचे गणपतीचे कारखाने. म्हणजे किल्ले आणि मूर्ती या दोन्ही गोष्टी इथल्या पोरांना नव्यानं सांगाव्या लागत नाहीत. म्हणून आजचा विषय इथेच मांडायचा होता.

दिवाळीचा किल्ला आठवा. दगड, गोणपाट, चिखल, वर पेरलेले अळीव. बुरुजावर मावळे, सिंहासनावर महाराज. बांधताना केवढा उत्साह! पण बांधून झाल्यावर पुढे काय? बहुतेक वेळा मावळा जिथे रोवला तिथेच तुळशीच्या लग्नापर्यंत उभा राहतो. पट तयार आहे, पुतळे तयार आहेत, फक्त खेळ नाही.

आता खेळांचे दोन प्रकार बघू. एकात पट आणि पुतळे असतात. कोण किती घरं चालेल, कुणाला मारेल, हे नियम सांगतात. बुद्धिबळ त्यातलंच. दुसरा भूमिकेचा खेळ, म्हणजे रोल-प्लेइंग गेम. त्यात प्रत्येक जण एक पात्र होतो. गेम मास्टर, आपण त्याला सूत्रधार म्हणू, तो प्रसंग सांगतो आणि विचारतो, "तू काय करतोस?" उत्तर काहीही असू शकतं. हे दोन प्रकार अलीकडे एकमेकांत मिसळू लागले, असं अनेकांना वाटतं. खरं तर दुसरा जन्मला तोच पहिल्याच्या पोटी.

प्रशियात १८२४ साली राइस्वित्स नावाच्या अधिकाऱ्यानं 'क्रीगस्पील' या युद्धखेळाचे नियम छापले. त्यात दोन्ही बाजू आपले हुकूम पंचाला देत, आणि समोरच्याचं किती दिसेल ते पंच ठरवी. सूत्रधाराचा हा पूर्वज. १९१३ मध्ये एच. जी. वेल्स यांनी 'लिटल वॉर्स' लिहून खेळण्यातल्या शिपायांची लढाई घराघरांत नेली.

खरी गंमत झाली १९६९ मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा राज्यात. डेव्हिड वेस्ली यांनी एका युद्धखेळात काही खेळाडूंना सैन्याऐवजी गावातली माणसं करायला दिली. कुणी नगराध्यक्ष, कुणी बँकवाला. लढाई बाजूलाच राहिली. लोक एकमेकांना गाठून कट करू लागले, आणि नियमात नसलेलं काहीबाही विचारू लागले. वेस्लींना वाटलं, खेळ फसला. खेळणारे म्हणाले, परत कधी? त्यांच्यातलेच एक डेव्ह अर्नेसन. त्यांनी आणि गॅरी गायगॅक्स यांनी मिळून १९७४ मध्ये 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' काढला.

पुढे पट परत आला. १९८९ च्या 'हीरोक्वेस्ट'मध्ये भूमिकाही होती आणि प्लॅस्टिकचे पुतळेही. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'नं अंतरंच चौकोनांत मोजली. २०१७ च्या 'ग्लूमहेवन'मध्ये तर सूत्रधारच नाही. राक्षसांनी काय करायचं ते पत्ते सांगतात.

पटाचा फायदा उघड आहे. वाद मिटतात. "मी दाराशी होतो", "नाही, तू विहिरीपाशी होतास" हा घोळ संपतो, कारण सगळ्यांना एकच दिसतं. लाजरी मुलंही खेळात येतात. बोलता आलं नाही तरी पुतळा सरकवता येतो.

तोटा मात्र हळूच होतो. आम्ही एकदा फार देखणा पट मांडून बसलो. तासाभरानं लक्षात आलं, कुणी बोलतच नव्हतं. सगळे चौकोन मोजत होते. "मला काय करावंसं वाटतं?" याच्या जागी "मला काय करायची परवानगी आहे?" हा प्रश्न आला होता. दोन्ही खेळ जोडताना सांभाळायचं ते इथेच. पटानं 'कुठे' एवढंच सांगावं. 'का' हे माणसानं बोलावं.

मग आपल्या किल्ल्यावर हे कसं करायचं? त्यासाठी लागणारी भूमिकांची वाटणी शिवकाळानंच करून ठेवली आहे. गडावर हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे तीन मुख्य अधिकारी असत. हवालदाराकडे किल्ल्या आणि शिबंदी, सबनिसाकडे हजेरी आणि हिशेब, कारखानिसाकडे धान्य आणि दारूगोळा. एकट्याच्या फितुरीनं गड जाऊ नये, म्हणून ही विभागणी.

तीन मुलांना या तीन भूमिका द्या. गडाला वेढा पडलाय. प्रत्येकाला एक चिठ्ठी, दुसऱ्याला न दाखवायची. कारखानिसाच्या चिठ्ठीत, धान्य बारा दिवसांचं. सबनिसाच्या, दहा माणसं तापानं पडलीत. हवालदाराच्या, रात्री छापा घालता येईल अशी एक वाट सापडलीय. चौथा मुलगा सूत्रधार. मावळे मातीच्या किल्ल्यावर खरोखर सरकतील, पण तिघांचं बोलणं झाल्यावरच. कोण किती सांगतो, कोण लपवतो, खेळ तिथे आहे.

फासे विकत आणू नका. दोन चिंचोके फोडले की चार फाका होतात. त्या टाका आणि किती पांढऱ्या पडल्या ते मोजा. दोन्ही बाजूंची शक्यता साधारण सारखी धरली, तर सोळा प्रकारांपैकी अकरांत दोन किंवा जास्त पांढऱ्या पडतात आणि पाचांतच तीन किंवा जास्त. अंधारी रात्र असेल तर छाप्याला दोन पुरेत, टिपूर चांदणं असेल तर तीन हव्यात. सूत्रधारानं आधी एवढं जाहीर केलं की पुढची तक्रार राहत नाही.

एक पथ्य पाळा. महाराजांची भूमिका कुणालाच देऊ नका. आदराचा भाग आहेच, पण खेळाचाही आहे. हुकूम देणारा पटावर बसला की बाकीचे विचार करायचे थांबतात. महाराजांचं पत्र यावं, तेही उशिरा. तोवर निर्णय तिघांचा.

एवढा खटाटोप कशासाठी? इतिहास म्हणजे मांडून ठेवलेला देखावा, ही समजूत आपल्याकडे पोरांच्या मनात फार लवकर बसते. कोण जिंकलं ते ठाऊक असतं. त्या रात्री गडावरच्या माणसाला ते ठाऊक नव्हतं, हे विसरलं जातं. बारा दिवसांचं धान्य किती जणांत वाटायचं, यावर ज्या मुलीनं अर्धा तास भांडण केलं, ती पुढच्या वेळी सुरगडावर गेली की पाण्याच्या टाक्यांकडे वेगळ्या नजरेनं बघेल. 'इथे पोहायला मिळेल का' याऐवजी 'हे पाणी किती माणसांना किती दिवस पुरलं असेल' असं ती विचारेल.

तेव्हा येत्या दिवाळीत किल्ला बांधून झाला की लगेच उठू नका. त्याच्या भोवती बसा. आता तुमचे प्रश्न घेऊ.