काळा पट्टा आणि बसस्टँडवरचा प्रसंग

लोह्यातली मुलगी शिकवणीसाठी किंवा कॉलेजसाठी एसटीने नांदेडला जाऊ लागली, की घरच्यांना हमखास सुचणारा उपाय म्हणजे कराटेचा वर्ग. सरकारी शाळांतल्या सहावी ते बारावीच्या मुलींसाठी समग्र शिक्षा योजनेतही तीन महिन्यांचे आत्मसंरक्षण प्रशिक्षण आहे. पण पिवळा, हिरवा, तपकिरी असे पट्टे मिळत गेले म्हणजे मुलगी सुरक्षित झाली का?

पट्टा आला ज्युदोतून. जिगोरो कानो यांनी शिकणाऱ्याची पायरी कळावी म्हणून तो रूढ केला आणि गिचिन फुनाकोशी यांनी १९२४ मध्ये कराटेत आणला. परीक्षेत तपासला जातो तो काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम. लढतीत पंच असतो, नियम असतात. बसस्टँडवर मागून ओढणी खेचणारा काही ‘हाजिमे’ ऐकून सुरुवात करत नाही.

त्यात शरीरही दगा देते. ॲड्रेनलिन वाढते, छाती धडधडते, नजर एकाच ठिकाणी खिळते, बोटांची बारीक हालचाल जमत नाही. कधी अंग पूर्ण थिजते. स्टॉकहोममध्ये बलात्कारानंतर उपचाराला आलेल्या २९८ महिलांच्या अभ्यासात सुमारे ७० टक्के महिलांनी असे थिजल्याचे सांगितले होते. ‘ओरडली का नाहीस?’ असे विचारणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

मग प्रशिक्षण वायाच का? नाही. कॅनडातल्या तीन विद्यापीठांत ८९३ विद्यार्थिनींवर झालेला अभ्यास २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. अवघ्या १२ तासांच्या वर्गानंतर वर्षभरात बलात्काराचे प्रमाण ५.२ टक्के होते. फक्त माहितीपत्रके मिळालेल्या गटात ९.८ टक्के. त्या वर्गात पट्टा नव्हता. धोका लवकर ओळखणे, ओळखीच्या माणसालाही अडवताना वाटणारा संकोच मोडणे आणि मग ठोसे-लाथा, असा क्रम होता. आपल्याकडेही राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत बलात्काराच्या बहुतांश गुन्ह्यांतला आरोपी ओळखीचाच असतो.

म्हणून वर्ग निवडताना पट्टा किती महिन्यांत मिळतो, हे विचारू नये. समोरचा खरा जोर लावतो का, मोठ्याने ‘हात काढा’ म्हणण्याचा सराव होतो का, सुटून पळायला आणि ११२ लावायला शिकवतात का, हे विचारावे. आणि घरी पाहुण्यांनी गालगुच्चा घेतल्यावर मुलगी ‘नको’ म्हणाली, तर ‘असं बोलू नये गं’ म्हणून तिला गप्प करू नये.